उंडीची खूण

पत्र आलं ते लवूच्याच हातात, आणि त्यावर शिक्का मारायचं कामही लवूचंच होतं. मिठबावचं वाचनालय टपाल कचेरीपासून दोनशे पावलांवर. पण वाचनालयाचे चिटणीस रीतीचे माणूस. त्यांनी निमंत्रण पोस्टकार्डावर लिहिलं, पेटीत टाकलं. लवूने दुपारी पेटी उघडली, कार्डावर मिठबावचा शिक्का मारला, आणि संध्याकाळी पोस्टमास्तर लवू विठोबा तांडेल याने ते कादंबरीकार ल. वि. तांडेल यांच्या घरी नेऊन पोचतं केलं.

"म्हंजे आणखी एक नारळ," त्याची बायको सुभद्रा म्हणाली. ती ओसरीवर कुळीथ निवडत बसली होती.

पहिली कादंबरी छापून आली त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून लवूला वेंगुर्ल्याने बोलावलं, कुडाळने बोलावलं, वालावलला तर सुभद्राचं माहेर म्हणून दोनदा बोलावलं. प्रत्येक ठिकाणी व्याख्यान, प्रत्येक ठिकाणी हार आणि नारळ. आणखी तीन गावं धरून असे सात नारळ झाले. घराभोवती चाळीस माड होते आणि पाडेली येऊन नारळ उतरवून गेला की ठेवायला जागा पुरत नसे. त्यात हे मानाचे सात कोणी फोडायचे, हा प्रश्न सुटला नव्हता. ते देवघराच्या फळीवर रांगेने बसले होते.

"माडांच्या मुळात नारळ घेवन येणारो ह्यो एकच," लवूचे चुलते आबा म्हणत. पण म्हणताना त्यांचा आवाज खूष असे, आणि मुंबईहून कोणी आलं की फळीकडे बोट दाखवायला ते विसरत नसत.

त्या संध्याकाळी मात्र ते खूष झाले नाहीत. लवूने कार्ड वाचून दाखवलं. वर्धापनदिन रविवारी, चार वाजता, शाळेच्या हॉलात; 'आपण आपल्या आगामी कादंबरीतील गलबताचे प्रकरण वाचून दाखवावे अशी ग्रामस्थांची इच्छा आहे.'

आबा मांगरात होते. घरामागे झावळ्यांनी शाकारलेल्या त्या खोपीत एक होडी पालथी घातलेली होती आणि आबा तिच्या पाठीवर बसून सुतळी वळत. होडी आबांनी स्वतः केलेली, तरुणपणी. पन्नास वर्षांत ती एकदाही पाण्यात उतरली नव्हती. दर वैशाखात आबा तिला उंडीच्या बियांचं तेल चोपडत, फळ्यांच्या सांधी तपासत आणि पुन्हा पालथी घालत. गावाने त्यावर हसणंही आता सोडून दिलं होतं.

"ता प्रकरण सोडून दुसरा कायव वाच," आबा म्हणाले.

"कित्या?"

"माझ्या बापाशीची अब्रू हा ती. शाळेच्या बाकांर मांडूची नाय."

आबांचा बाप, लवूचा आजा, म्हणजे सोमा तांडेल. मंगळूरहून कौलं भरून येणारं त्याचं गलबत आपल्याच गावच्या खाडीच्या तोंडाशी म्हशीचा खडप म्हणतात त्या खडकावर फुटलं होतं. माणसं सगळी वाचली. गलबत गेलं, आणि गलबतवाल्यांचं घर रापणीच्या जाळ्याचे दोर ओढणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभं राहिलं. गाव म्हणे, तांडेल सुकाणावर निजला.

कृष्णाबाई मागीलदारी भांडी घासत होत्या. आबांची ही धाकटी बहीण आठ दिवसांसाठी म्हणून आली की महिनाभर राहत असे. त्या हात न धुताच आत आल्या.

"आबा म्हणता ता खरा हा. बाबाक जावन चाळीस वर्सा झाली. तेका परत बुडवतंस काय रे?"

"बुडवूक कशाक, आते?" लवूच्या मागोमाग मांगरात आलेली सुभद्रा म्हणाली. "हेंनी वायट काय एक लिवूक नाय. मी वाचलंय."

"तू वालावलची. तुझो आजो थोडोच फुटलेल्या गलबतातसून इलो!"

"माझो आजो भातशेती करी. तेच्या शेतात खडप नव्हतो, तेका तो काय करतलो?"

लवूने हसू दाबलं. घरात दोन बाजू पडल्या होत्या. आबा आणि आते एकीकडे, तो आणि सुभद्रा दुसरीकडे. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. या घरात कुठल्याही गोष्टीवर दोन बाजू पडतच. त्याला वेगळीच गोष्ट टोचत होती. प्रकरण त्याने तीनदा लिहिलं होतं आणि तिन्ही वेळा एका जागी ते खोटं वाटलं होतं.

"आबा, माका एकच सांगा. म्हशीचो खडप आजान चाळीस वेळा चुकवल्यान. एकेचाळिसाव्या वेळेक काय झाला?"

"वारो फिरलो."

"त्या दिसा वारो नव्हतोच. सगळो गाव सांगता. म्हणान तर लोक म्हणतत, निजलो."

"मगे गावाक इचार आणि गावाचा लिव," असं म्हणून आबांनी सुतळीचा पीळ मांडीवर इतक्या जोराने ओढला की ती तुटली.

लवूने दुसऱ्या दिवशी तीन दिवसांची रजा टाकली.

अशा रजा हीच त्याची चैन होती. पहिल्या कादंबरीसाठी तो मालवणात शीड शिवणाऱ्या म्हाताऱ्यापाशी चार दिवस बसला होता आणि परत आला तेव्हा बोटांना भोकं पडलेली होती. पुस्तकात त्यातलं अर्धं पानही आलं नाही. पण ते अर्धं पान कोणी खोडून दाखवलं नव्हतं, हे त्याचं समाधान होतं. या वेळी त्याला एकच माणूस गाठायचा होता. सोमा तांडेलाच्या सहा खलाशांपैकी पाच गेले होते. सहावा वेंगुर्ल्यात होता.

देवगडला बोट धरून तो वेंगुर्ल्याला उतरला. मुनीरचं घर बंदराच्या वाटेवर, जिथे काजू भाजल्याचा वास नाकात शिरतो तिथून थोडं खाली. मुनीर सत्तरी ओलांडलेला, डोळ्यांत मोतीबिंदू आलेला, पण आवाज डोलकाठीवरच्या माणसाला हाक मारावी असा.

"सोम्याचो नातू? बस, बस. सुगरा, चाय टाक गो! हेचा नाक बघ, तांडेलाचाच."

सुगरा त्याची सून. तिने चहा आणि घावणे आणून ठेवले आणि दाराशी टेकून उभी राहिली. लवूने वही काढली. आधी त्याने कौलांचं विचारलं, मग शिडांचं, मग जेवणाचं. लोकांना सोप्यातून अवघडाकडे न्यायचं हे तो शिकला होता. शेवटी म्हणाला, "गावात म्हणतत, आजो निजलो होतो."

मुनीरने बशी खाली ठेवली.

"कोण म्हणता?"

"सगळी."

"सुगरा, ऐकलंस? सोमा तांडेल निजलो म्हणतत! अरे, मंगळूरसून मिठबावपर्यंत तेणा डोळो मिटूक नाय. मी नाळेर, पुढच्या टोकार होतंय, तो सुकाणार. फाटफटीची, उजाडाची वेळ. धुक्यातसून टेकडी दिसाक लागली तेवा तो गाणा म्हणत होतो, गाणा!"

"मगे झाला काय?"

 बाहेर कोणी ओल्या जाळ्यातलं पाणी झटकत होतं.

"उंडी नव्हती," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते लवूने शब्दाला शब्द टिपून घेतलं. खाडीच्या तोंडातून आत शिरायला सोमा तांडेलाची स्वतःची खूण होती. घराच्या पुढ्यात किनाऱ्यावर उंडीचं जुनं झाड होतं आणि मागे टेकडीवर देवळाची पांढरी दीपमाळ. उंडीचा शेंडा दीपमाळेच्या पोटात आला की सुकाणू सरळ धरायचं. खडप डाव्या हाताला राहतो. ही खूण त्याची त्यालाच ठाऊक होती. तांडेल आपली खूण बायकोला सांगत नाही आणि मुलालाही सांगत नाही, जोवर त्याच्या हाती सुकाणू देत नाही. मुनीरला कळली ती चार वर्षं नाळेवर उभं राहून त्याच्या डोळ्यांची दिशा बघितली म्हणून.

"त्या दिसा घरांच्या वर एकच काळो शेंडो दिसत होतो. तेका ती उंडी वाटली. ती उंडी नव्हती, पलीकडच्या काजऱ्याच्या झाडाचो शेंडो होतो. वीस वांव सरकली खूण. संपला."

"आणि उंडी?"

"सकाळी बघलो बुंधो. ताजो, चीक गळत होतो. सोमा तेच्याकडे बघीत रवलो, बघीत रवलो. मगे आमका म्हणालो, वारो फिरलो म्हणान सांगा. मिठाची आण घातल्यान. मी पन्नास वर्सा पाळलंय."

"मगे आज कित्या सांगलास?"

"आण घातल्यान ती तेका झाकूक नाय, दुसऱ्या कोणाक झाकूक. पण तेच्यापायी तेका निजलेलो म्हणतत, ह्या माका आज कळला. वेंगुर्ल्यात कोण सांगतलो!" मुनीरने घावण्याचा तुकडा मोडला. "झाड कोणी तोडल्यान ता इचारू नको. माझो झील, हिचो घोव, मिठबावक गेल्लो. तुमच्या मांगरात एक होडी हा म्हणालो, पाण्यात न गेलेली. मी आंधळो होत इलंय रे, येडो नाय."

परतीच्या बोटीवर लवू डेकवर उभा राहिला. त्याला आधी आनंद झाला. प्रकरणातलं भोक बुजलं होतं. असा मासा कादंबरीकाराच्या जाळ्यात आयुष्यात एकदा येतो. त्या आनंदाची लाज वाटली ती बोट मालवणला लागल्यावर. आजाला वर काढायचं तर आबांना खाली ढकलावं लागणार होतं, आणि आबा एकोणसत्तर वर्षांचे होते. लवूचा बाप विठोबा गेला तेव्हा लवू सहा वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला वाढवलं ते आबांनी. शाळेची पहिली पाटी त्यांनीच आणली होती.

घरी पोचल्यावर त्याने सुभद्राला सगळं सांगितलं. 

"वाचू नकात," ती म्हणाली.

"तूच म्हणत होतंस, वाचा म्हणान!"

"तेवा ती मेलेल्या माणसाची गोष्ट होती."

स्वयंपाकघराच्या दारात कृष्णाबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक.

"मुनीरान सांगल्यान तर," त्या म्हणाल्या आणि पाटावर बसल्या. "दोर मी धरललंय. झाड घरार पडाचा नाय म्हणान. पंधरा वर्साची होतंय. आबाक होडी व्हयी होती. दोनदा लाकूड मागलेन, बाबान नाय म्हटल्यान. म्हणान बाबा मंगळूराक गेलो तेवा आमी ती उंडी पाडली. आमका काय म्हायत खूण? बाबान सांगल्यान असती तर फांदीक तरी हात लावलो असतो आमी?"

"मगे आजो काय म्हणालो आबाक?"

"काय एक नाय. दोन दिसांनी म्हणालो, 'होडी पुरी कर.' इतक्याच." कृष्णाबाईंनी पदराने नाक पुसलं. "तू वाच, लवू. मी आदी नको म्हटलंय ता भियान. आता निगाला हा तर निगांदे. बाबाच्या नावाक पन्नास वर्सा फुकट हसले लोक."

"आणि आबा?" सुभद्रा म्हणाली. "तेंका गावात तोंड दाखवूचा नाय?"

"तू गप रव गो. कालपर्यंत तूच वाचा वाचा करीत होतंस!"

"आणि तुमी नको नको करीत होतास!"

बाजू तशाच दोन राहिल्या. माणसं तेवढी बदलली. लवू मधोमध उरला आणि उठून मांगरात गेला.

आबा होडीच्या पाठीवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मुनीर जितो आसा?"

"आसा."

"डोळे?"

"अधू झाले. तुमची इचारणा केल्यान."

"आणखी काय म्हणालो?"

लवूने होडीच्या फळीवर बोट फिरवलं. तेलाने ती काळीभोर, गुळगुळीत झाली होती. एकेक सांध अशी बसवलेली की नख शिरलं नसतं. हात कसबी माणसाचे होते; या हातांनी आणखी वीस होड्या केल्या असत्या.

"आणखी काय नाय," तो म्हणाला.

आबांनी मान हलवली. दोघेही मग सुतळीचं एक बंडल संपेपर्यंत बसून राहिले.

रविवारी शाळेचा हॉल भरला. पुढे बाकांवर वाचनालयाचे सभासद, मागे रापणीचे लोक, आणि भिंतीच्या कडेला बायका. त्यांत गंगू पाटी उलटी घालून तिच्यावर बसली होती. मासे विकणाऱ्या बायकांत तिच्या जिभेला सगळे वचकून असत. आबा येणार नाहीत असं लवूने धरलं होतं. ते आले, अंगात विठोबाच्या लग्नात शिवलेला कोट, आणि बसले अगदी मागे, दाराजवळ.

लवूच्या पिशवीत दोन प्रकरणं होती. चिटणिसांनी प्रास्ताविक केलं, हेडमास्तरांनी परिचय करून दिला, त्यात त्याच्या जन्मगावाचा, म्हणजे मिठबावचाच, उल्लेख 'येथून जवळच' असा झाला. लवू उभा राहिला आणि म्हणाला, "गलबताचं प्रकरण अजून पुरं झालेलं नाही. मी आज बाजाराचं वाचतो."

पुढच्या बाकावर थोडी निराशा पसरली. पण बाजाराचं प्रकरण चांगलं उतरलं होतं. त्यातली मासेवाली गिऱ्हाइकाला 'बांगड्याचो डोळो बघ, तुझ्या घोवाचो नको' म्हणते, तिथे बायकांनी एकमेकींना कोपरं मारली, आणि वाचन संपायच्या आतच गंगू पाटीवरून उठली.

"ही मीच मा रे?"

हॉल खदखदून हसला. लवू म्हणाला, "थोडी तू, थोडी बाकीची."

"थोडी खंयची? सगळी मीच! आमचा सगळा लिवतंस, बोलणा लिवतंस, भांडणा लिवतंस. मगे तुझ्या आजाचा कित्या वाचूक नाय? गलबत फोडून निजललो तो! तेची लाज वाटता?"

पुन्हा हसू झालं. जुनंच, पन्नास वर्षं वापरून झिजलेलं. त्यात फारसा विखार नव्हता. लवूच्या तोंडाशी उत्तर होतं. एक वाक्य पुरे होतं. त्याने कागद सारखे केले आणि ते गिळून टाकलं.

"तो निजाक नव्हतो."

आवाज दाराकडून आला. आबा उभे होते. त्यांनी कोटाची गुंडी लावली, जणू कचेरीत साक्ष द्यायची आहे.

"तो जागो होतो. पुढ्यातली उंडी तेची खूण होती. ती मी तोडलंय. होडी करूक. खूण तेची हा ह्या माका म्हायत नव्हता. तेणा माका झाकूक वाऱ्याचा नाव सांगल्यान, आणि मी झाकान घेतलंय. इतक्याच सांगूचा होता."

आणि ते बसले.  हेडमास्तरांनी चिटणिसांकडे बघितलं. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं.

गंगू अजून उभीच होती. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही निघत नव्हतं, हे मिठबावने पहिल्यांदा पाहिलं.

"म्हंजे," ती अखेर म्हणाली, "पन्नास वर्सा आमी हसलो ता फुकट?"

"फुकट खंय गो?" कृष्णाबाई बायकांतून कडाडल्या. "तुझ्या घरार कौला खंयची? आमच्या गलबतातली, बुडी मारून काढलली मा तुझ्या सासऱ्यान? तेंच्याच खाली निजतंस मा पन्नास वर्सा? आता हास!"

आधी गंगू हसली, मग रापणीचे लोक, मग पुढचे बाक. मागच्या रांगेतला एक म्हातारा आबांकडे सरकला आणि त्याने कमरेची पानाची चंची उघडून पुढे धरली. आबांनी पान घेतलं. लवूने ते पाहिलं आणि कागद पिशवीत घातले. 

चिटणिसांनी आभार मानले आणि नारळ लवूच्या हातात दिला. आठवा.

सोमवारी सकाळी सहा जणांनी होडी मांगरातून उचलली आणि खाडीच्या काठावर आणली. सुभद्रा आणि कृष्णाबाई मागोमाग आल्या, वाटेत कोण काय म्हणालं होतं यावर भांडत. लवूने मानाचा आठवा नारळ सोबत घेतला होता. आबांनी तो नाळेवर फोडला, पाणी फळ्यांवर सोडलं आणि खोबऱ्याचे तुकडे हातोहात वाटले.

पण होडी तरंगवली नाही. लोकांनी ती कडेच्या उथळ पाण्यात ठेवली आणि आबांनी मडक्याने तिच्यात पाणी ओतायला सुरुवात केली. पन्नास वर्षं कोरडं राहिलेलं लाकूड. आधी ते फुगायला हवं, सांधी मिटायला हव्यात. होडी काठापर्यंत भरली आणि हळूच तळाला टेकली.

"तीन दिस पियांदे तिका," आबा म्हणाले. मग लवूकडे वळले. "प्रकरण हाडलंस?"

लवूने पिशवीतून कागद काढले. काठावरच बसून त्याने वाचायला घेतलं. दुसऱ्या वाक्यालाच आबांनी हात वर केला.

"भरती खंयसून इली? सुकती होती. भरती असती तर खडपार पाणी असता, गलबत वरसून गेला असता. असा लिवतंस आणि लोक तुका नारळ देतत?"

लवूने खोडलं. पुढे कौलांचा आकडा चुकला, एका खलाशाचं गाव चुकलं, आणि गाणं मुळीच नव्हतं; मुनीरने सांगितलेलं ते गाण्याचं लवूने सांगितलं तेव्हा आबा "म्हणी तो, म्हणी," एवढंच म्हणाले. टपाल कचेरी उघडायची वेळ झाली होती. टपालाची थैली घेऊन आलेला हलकारा दाराशी उभा असणार होता. लवू उठला नाही.

"आता खूण नीट लिव," आबा म्हणाले. त्यांनी टेकडीकडे हात केला. "दीपमाळ ती थंय. तेच्या पोटात शेंडो येवक होयो."

"आणि उंडी? ती नेमकी खंय होती?"

आबांनी पाण्यात हात घातला आणि बुडालेल्या होडीच्या काठावर ठेवला.

"ही काय," ते म्हणाले. "लिव."